शब्दचर्चा: क्लच 'ब्लीड' करणे, याला मराठीत काय म्हणायचं?

अर्धाक्लच:
ओळखीच्या एका गॅरेजला क्लच किटसोबत आलेला कागद मराठीत करून देतोय. ट्रॅकवर पळवायच्या गाडीचा क्लच आहे: कडक प्रेशर प्लेट, सिरॅमिकचे तुकडे लावलेली क्लच प्लेट. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसा, प्लेट सेंटर करा, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जा, इथपर्यंत गाडी सुरळीत होती. मग आलं 'ब्लीड'. यंत्राला विचारलं तर म्हणतं, "क्लचला रक्तस्राव होऊ द्या." पोरं हसून लोळली. तुम्ही काय लिहाल?

बत्तीसशिराळा:
"एअर काढा." विषय संपला. आमच्याकडे ट्रकच्या ब्रेकची एअर काढतात, कारच्या क्लचचीही एअरच काढतात. एकजण पेडल मारतो, खालचा ओरडतो "दाबून धर!", निप्पल (हवा बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) सैल करतो, बुडबुडे जातात, निप्पल बंद करतो, मग "सोड!" यात रक्त कुठून आलं?

शुद्धमती:
'एअर' तरी कशाला? 'हवा काढा' म्हणायला काय पैसे पडतात? आणि क्लचला 'पकड' हा सुंदर शब्द असताना आपण तो वापरत नाही, याचं वाईट वाटतं.

बत्तीसशिराळा:
ताई, हवा चाकातली काढतात. नाहीतर भाषणात समोरच्याची काढतात. एअर म्हणजे नळीत अडकलेली, नको असलेली. गॅरेजात हे दोन वेगळे शब्द झालेत आणि ते कामाचे आहेत.

अर्धाक्लच:
आणि 'पकड' म्हटली की लोक खिळे उपटायची पकड आणून देतील. शिवाय आपण क्लच *दाबतो* तेव्हा पकड *सुटते*. "पकड दाबा" वाचून कोणाला काय कळणार?

शुद्धमती:
'महापौर' आणि 'दिनांक' यांनाही लोक हसलेच होते. आज कोण हसतं?

छापखाना:
आमच्या धंद्यात 'ब्लीड' *सोडतात*. "चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड सोड", म्हणजे कापताना पांढरी कड राहत नाही. काढायचा ब्लीड आज पहिल्यांदा ऐकला. बाकी, इंग्रजीतला 'ब्लेस' हा शब्दही मुळात रक्ताशीच जोडतात, रक्त शिंपडून पवित्र करणे वगैरे. म्हणजे क्लचला आशीर्वाद द्या म्हटलं तरी चालेल!

वैद्यबुवा:
आयुर्वेदात रक्तमोक्षण आहेच. जळू लावतात, शीर सोडतात, तुंबडी लावतात. हल्ली निप्पलला बाटली जोडून हातपंपाने ओढून घेतात ना? ती सरळसरळ तुंबडी आहे. "क्लचला तुंबडी लावा." मी गंभीरपणे सुचवतोय.

बत्तीसशिराळा:
तुंबडी गॅरेजवाला स्वतःची भरतो, बुवा. बिल बघा.

कऱ्हाडची_आत्या:
मला गाडीतलं काही कळत नाही, पण विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा आमचे हे पाइपात पाणी ओततात आणि धार येईपर्यंत वाट बघतात. त्यालाही काहीतरी शब्द असेलच की.

अर्धाक्लच:
आत्या, दुखणं तेच आहे! तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर त्याला आवळण्यातच जातो आणि खालचा सिलिंडर पुरता सरकत नाही. मग रिव्हर्स टाकताना खर्रर्र. फक्त तुम्ही पाणी भरता आणि आम्ही हवा घालवतो.

ऑइलवाला_मामा:
'तेल' म्हणालात म्हणून बोलतो. एअर-हवेवर भांडताय, पण खरा घातकी शब्द 'ब्रेक ऑइल' आहे. क्लचमध्ये तेच भरतात. सगळा महाराष्ट्र त्याला ऑइल म्हणतो आणि ते ऑइल नाही. माझ्याकडे नवीन आलेल्या पोराला सांगितलं, "डबीत ऑइल टाक." डबी म्हणजे बॉनेटखालची छोटी टाकी. त्याने इमानदारीत इंजिन ऑइल टाकलं. दोन दिवसांत सगळी रबरी सीलं फुगली, पेडल खाली जाऊन तिथेच बसायला लागलं. मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा), स्लेव्ह सिलिंडर (खालचा), नळ्या, सगळं बदललं, माझ्या खर्चाने. पोराची चूक नव्हती. त्याने मी बोललो तेच केलं.

शुद्धमती:
पाहा! म्हणूनच नेमके शब्द हवेत. 'द्रव' म्हणा.

ऑइलवाला_मामा:
"द्रव टाक" म्हटलं असतं तर त्याने पाणी टाकलं असतं. आता मी "डॉट फोर टाक" म्हणतो, तो ब्रेक फ्लुइडचा प्रकार. डबीवर तेच छापलेलं असतं, चूक होत नाही. आणि कागदात हेही घाला, की सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. बॉनेटचा रंग सोलून निघतो.

अर्धाक्लच:
हे घातलं. मामा, पेडल खाली राहतं ते एअर काढतानाही होतं ना? पोरं घाबरतात.

ऑइलवाला_मामा:
होतं. हाताने वर उचलायचं. आणि धाडधाड पंप मारायचा नाही, फेस होतो, मग बसा रात्रभर. डबीवर लक्ष ठेवायचं. रिकामी झाली की परत हवा ओढते, पुन्हा पहिल्यापासून. ज्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो, तिथे गिअरबॉक्स चढवण्याआधी त्याची सीलं बघा. गळाला तर अख्खा गिअरबॉक्स परत उतरवायचा. मारुती ८०० बरी होती. क्लचला वायर होती, तुटली की नवीन टाकली, शब्दांची भानगडच नाही.

बत्तीसशिराळा:
१० चा पान्हा घेऊन निप्पल सोडायचं हेही लिहा. काही गाड्यांना ८ चा लागतो, काहींना ११ चा.

शुद्धमती:
पाना! पान्हा गायीला फुटतो.

बत्तीसशिराळा:
आमच्याकडे सगळे पान्हाच म्हणतात. दुकानाच्या पाटीवर आहे.

छापखाना:
'स्पॅनर'चं शेपूट उरलं तो पाना. 'ह' मागून आला, गायीच्या ओळखीने.

कऱ्हाडची_आत्या:
पण मग जमतंय की! वासरू दोनचार ढुशा मारतं, तेव्हा कुठे गाय पान्हा सोडते. तुमचं ते पेडल मारणं तसंच. "क्लच पान्हवा" म्हणा.

वैद्यबुवा:
आत्यांना माझं मत. तुंबडी मागे घेतो.

अर्धाक्लच:
कागद आज द्यायचाय, म्हणून तूर्त असं लिहिलंय: "क्लचची एअर काढणे (ब्लीडिंग). फक्त डॉट फोर. इंजिन ऑइल टाकू नये." खाली मामांची उचला-उचली आणि धुवाधुवी. आता पुढचं वाक्य अडलंय: निप्पल जास्त आवळलं तर जे जातात ते आटे की चुडी?

बत्तीसशिराळा:
आटे.

ऑइलवाला_मामा:
मुंबईत चुडी.

शुद्धमती:
चुडी हिंदी आहे!