शब्दचर्चा: ‘फ्रॅक्टल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

शाळेच्या वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी गणितावर एक लेख लिहिते आहे. ‘फ्रॅक्टल’, म्हणजे लहान लहान भागांतही तशीच गुंतागुंत दिसत राहणारी आकृती, हा शब्द त्यात पानोपानी येणार. मराठी शब्द म्हणून ‘भग्नाकृती’, ‘अपूर्णमितीय आकृती’ आणि ‘स्वसदृश आकृती’ हे तीन पर्याय मनात आहेत. तिन्हींचा अर्थ एकच होतो का? यातला कुठला वापरावा, की मूळ शब्दच ठेवावा? आणखी एक शंका आहे. नेचे, ढग, शंख, मधमाश्यांचं पोळं या सगळ्यांनाच सर्रास फ्रॅक्टल म्हटलेलं दिसतं. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद

माझं मत ‘भग्नाकृती’ला. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ हा शब्द घडवला तो लॅटिन ‘फ्रॅक्टुस’वरून, आणि त्याचा अर्थच मोडलेला, तुटलेला. आपल्याकडेही जुन्या गणितात अपूर्णांकाला ‘भिन्न’ म्हणत, लीलावतीत ‘भिन्नपरिकर्म’ येतं. ‘भिद्’ म्हणजे फोडणे. म्हणजे मोडण्या-फोडण्यावरून गणिताची संज्ञा करण्याची रीत आपल्याला नवी नाही.

प्रतिसाद

व्युत्पत्ती अगदी बरोबर, पण मराठीत ‘भग्न’ला दुसराच वास आहे. भग्नावशेष, भग्न मूर्ती, मनोभंग. आधी काहीतरी धड होतं आणि मग त्याची नासधूस झाली, असं त्यातून सूचित होतं. फ्रॅक्टलमध्ये काहीच मोडलेलं नसतं. ‘कॉख वक्र’ या प्रसिद्ध फ्रॅक्टलाची एकेक पायरी बघा, नियम कमालीचा काटेकोर आहे.

मी यापेक्षा ‘अपूर्णमितीय’ घेईन. रेषेची मिती १, पृष्ठाची २, घनाची ३ आणि फ्रॅक्टलची मधलीच कुठलीतरी. मुलांनाही हे लगेच कळेल.

प्रतिसाद

‘अपूर्णमितीय’चा आधार कुठून येतो ते आधी मांडतो, म्हणजे त्याची अडचणही दिसेल.

रेषाखंडाचे तीन सारखे भाग करा. प्रत्येक भाग मूळच्या एक तृतीयांश, आणि असे भाग ३. चौरसाची बाजू तिसऱ्या हिश्शाची केली तर लहान चौरस ९ बसतात, घनात २७ बसतात. ३, ९, २७ म्हणजे ३ चा पहिला, दुसरा, तिसरा घात. हा घातांक म्हणजेच मिती. आता स्वीडिश गणिती हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ मध्ये मांडलेला वक्र घ्या. रेषाखंडाचा मधला तिसरा हिस्सा काढायचा, त्या जागी त्याच लांबीच्या दोन रेषांचं टोक उभं करायचं आणि नव्या प्रत्येक रेषाखंडावर हेच करत राहायचं. पूर्ण वक्रात एक तृतीयांश आकाराच्या हुबेहूब प्रती ४ असतात. ३ चा कितवा घात घेतला की ४ येतात? साधारण १.२६ वा. दर पायरीला लांबी ४/३ पट होते, म्हणून ती अनंताकडे जाते. तरीही त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंवर हे करून होणाऱ्या हिमकणाचं क्षेत्रफळ मूळ त्रिकोणाच्या फक्त ८/५ पट भरतं. अनंत लांबीचं कुंपण आणि आत मोजकी जागा! मुलांना हे जरूर सांगा, गणितात इतकं चकित करणारं आणि इतक्या कमी साहित्यात सिद्ध होणारं फार थोडं आहे.

आता अडचण. एका चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) चार कोपऱ्यांत निम्म्या आकाराचे चार चतुष्फलक ठेवा, मधला भाग काढून टाका, मग त्या प्रत्येकात हेच करा. निम्म्या आकाराच्या प्रती ४, आणि २ चा दुसरा घात ४. मिती नेमकी २! आकृती मात्र नखशिखान्त फ्रॅक्टल. मँडेलब्रॉट संच, म्हणजे एका साध्या सूत्रातून उमटणारी, कडेला न संपणारी नक्षी असलेली आकृती, हा तर या विषयाचा चेहराच. त्याच्या कडेची मितीही पूर्ण २ आहे, हे मित्सुहिरो शिशिकुरा यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलं. ‘अपूर्णमितीय’ म्हणालो तर हे दोघंही व्याख्येबाहेर जातात. मँडेलब्रॉट यांची सुरुवातीची व्याख्या अपूर्णांकावर अवलंबून नव्हतीच. फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी १९१८ मध्ये मांडलेली मिती (वरच्या घातांकासारखी) ही त्या आकृतीच्या संस्थितीय मितीपेक्षा, म्हणजे वक्राला १, पृष्ठाला २ अशा नेहमीच्या पूर्णांकी मितीपेक्षा, जास्त असली पाहिजे, इतकीच त्यांची अट होती. पुढे ही अटही त्यांना फार आवळ वाटू लागली.

प्रतिसाद

मग ‘स्वसदृश’ का नको? भागात पूर्णाचंच रूप दिसणं हीच तर फ्रॅक्टलची ओळख. नेच्याच्या पानाची एक उपशाखा तोडली तर ती छोट्या पानासारखीच दिसते.

प्रतिसाद

‘स्वसदृश’ हा चांगला शब्द आहे आणि लेखात तो हवाच, पण एका गुणाचं नाव म्हणून. साधी सरळ रेषासुद्धा स्वसदृश असते, कुठलाही तुकडा मोठा केला की तीच रेषा. तिला कुणी फ्रॅक्टल म्हणत नाही. नॉटिलसच्या शंखाचंही तसंच. त्याचं वळण लॉगरिदमी सर्पिलाच्या जवळ जाणारं आहे, मोठं केलं आणि थोडं फिरवलं की ते स्वतःवरच बसतं. पण रेघ गुळगुळीतच राहते, मिती १. शंखाला फ्रॅक्टल म्हणणं चूक आहे. पोळ्यात तर एकाच मापाचे षट्कोन शेजारी शेजारी मांडलेले असतात, षट्कोनाच्या आत लहान षट्कोन नसतात. ती पुनरावृत्ती झाली. मराठीत ‘पुनरावृत्ती’ आणि ‘स्वसादृश्य’ हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

उलट बाजूनेही पाहा. ढग, डोंगर, किनारा यांच्यात भाग आणि पूर्ण हुबेहूब सारखे कधीच नसतात. सारखा असतो तो खडबडीतपणा. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांना देशांच्या सीमांच्या लांबीच्या आकड्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यातली एकच सीमा, स्पेनच्या नोंदीत ९८७ किलोमीटर आणि पोर्तुगालच्या नोंदीत १,२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितके जास्त बाक आणि खाचा मोजणीत येतात, आणि लांबी वाढतच जाते. याच निरीक्षणावर मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याविषयीचा त्यांचा गाजलेला लेख उभारला. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती तिथे १.२५ च्या आसपास येते, दक्षिण आफ्रिकेच्या बऱ्याच सपाट किनाऱ्याची १.०२.

हे वाचताना मला भूगोलाच्या पुस्तकातला ‘दंतुर किनारा’ आठवतो. दंतुर! खाचाखोचांचा, दातेरी. मराठीत हा शब्द तयार आहे, मुलांच्या ओळखीचा आहे, आणि फ्रॅक्टल मिती नेमकी हीच गोष्ट मोजते. म्हणून माझं म्हणणं असं: आकृतीचं नाव ‘फ्रॅक्टल’च ठेवा, आणि अर्थ समजावताना ‘दंतुरता’ वापरा. कितीही जवळून पाहिलं तरी जिची दंतुरता संपत नाही, ती आकृती फ्रॅक्टल. ‘भग्न’, ‘अपूर्णमितीय’ आणि ‘स्वसदृश’ या तिघांना न पेलणारे आकार या एका वाक्यात मावतात.

प्रतिसाद (मूळ प्रश्नकर्ती)

‘दंतुरता’ फार आवडला. पण ‘कितीही जवळून’ म्हटलं की नेचे आणि ढग बाद होत नाहीत का? नेच्याचं पान चार-पाच पायऱ्यांनंतर थांबतंच.

प्रतिसाद

रास्त शंका. निसर्गात फ्रॅक्टलपणाला खालची आणि वरची अशा दोन्ही हद्दी असतात. आपल्या श्वासनलिकेला फाटे फुटत फुटत साधारण २३ टप्प्यांनंतर वायुकोश येतात, तिथे शाखा संपतात. या फाट्यांमुळेच छातीएवढ्या जागेत प्राणवायू घेणारं विस्तीर्ण पृष्ठ मावतं. नदीच्या उपनद्या, विजेचा लोळ, रोमानेस्को फुलकोबीचे शंकू, सगळ्यांचं असंच. म्हणून लेखात गणितातल्या आकृतीला ‘फ्रॅक्टल’ म्हणा आणि निसर्गातल्या गोष्टीला ‘फ्रॅक्टलसदृश’, किंवा ‘अमुक मापापर्यंत फ्रॅक्टल’. एक प्रत्यय वाढला तरी चालेल, विधान खरं राहतं.

प्रतिसाद

कलेविषयीही हा काटेकोरपणा हवा. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या रंग ठिबकवून केलेल्या चित्रांत फ्रॅक्टल रचना सापडते, असा दावा रिचर्ड टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केला. २००६ मध्ये इतर भौतिकशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की तपासलेल्या मापांचा पल्ला त्यासाठी फारच तोकडा आहे. तेव्हा ‘पोलॉकची फ्रॅक्टल चित्रं’ असं ठाम लिहू नका. चित्रात तेच चित्र, त्यात पुन्हा तेच, अशा रचनेलाही फ्रॅक्टल म्हणू नये. तिथे आकार एकाच बिंदूकडे लहान होत जातो, बाकी चित्र साधंच असतं. याउलट इटलीतल्या मध्ययुगीन चर्चच्या काही फरश्यांत त्रिकोणातून त्रिकोण वगळण्याची तीच रीत दिसते जी पोलिश गणिती शेर्पिन्स्की यांनी १९१५ मध्ये गणितात मांडली. पायऱ्या मोजक्याच, पण नियम अस्सल. आणि लॉरेन कार्पेंटर यांनी १९८० मध्ये त्रिकोणांचे बारीक त्रिकोण पाडत, त्यांचे बिंदू यदृच्छेने वरखाली सरकवत संगणकावर डोंगर उभे केले, तेव्हा तंत्रच फ्रॅक्टल होतं. त्या चित्रांना हे विशेषण निःशंक लावा.

प्रतिसाद

लिंग आणि विभक्तीचं कुणी बोललं नाही. ‘आकृती’ मनात ठेवून काही जण ‘ती फ्रॅक्टल’ म्हणतात, मला ‘ते फ्रॅक्टल’ सहज वाटतं, ‘टेबल’, ‘पेन्सिल’ या परक्या शब्दांत जसं लिंग वापरातूनच ठरलं तसं हेही ठरेल. सामान्यरूप करून ‘फ्रॅक्टलाची मिती’, ‘फ्रॅक्टलांचे प्रकार’ लिहिलं की शब्द मराठी वाक्यात नीट बसतो. विशेषणाला मात्र प्रत्यय नको: ‘फ्रॅक्टल भूमिती’, ‘फ्रॅक्टल मिती १.२६’.