देणगीदार कोण आणि मंत्र्यांना भेटतं कोण, याची नोंद उघड हवी की नको?

हर्णैकर:
मतदानाच्या आदल्या रात्री वाटलेल्या पैशावर सगळे बोलतात. मला त्याच्या आधीच्या पैशाबद्दल बोलायचंय. आपल्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. पक्षाला मर्यादाच नाही. २० हजारांपर्यंतची देणगी कुणाची, हे पक्षाने आयोगाला कळवायची गरज नाही. निवडणूक रोखे, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायची सोय, त्यामागची नावंसुद्धा १५ फेब्रुवारी २०२४ला सुप्रीम कोर्टाने योजना रद्द केल्यावरच बाहेर आली. आणि बंदरावरचा मोठा बोटमालक नेत्याच्या दहीहंडीला, देवळाच्या जीर्णोद्धाराला जे देतो, ते कुठल्या यादीत? मंत्री आणि सचिव कुणाला, कोणत्या विषयावर भेटले, हे जाहीर झालंच पाहिजे. अमेरिकेत लॉबिंगची, म्हणजे सरकारकडे कुणासाठी तरी वजन वापरणाऱ्यांची, नोंदणी आहे, आपल्याकडे तसा कायदाच नाही.

रापणकर, मालवण:
दादा, तुमचं पटत नाही. राज्य सरकारच्या २०१६च्या अधिसूचनेने पर्ससीनला, म्हणजे भल्यामोठ्या जाळ्याने थवाच्या थवा घेरणाऱ्या बोटींना, सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा दिली. ती पाळली जावी म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीने निवेदनं देऊन देऊन थकायची वेळ आली. शेवटी वाडीतल्या एका चाकरमान्याच्या साडूने फाईल कुठल्या टेबलावर आहे ते सांगितलं, तेव्हा साहेबांची भेट मिळाली. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याच्याकडे नाती तरी आहेत. तीही तुम्ही संशयाच्या वहीत घालणार? मग आमका कोण इचारतलो?

गुहागरची लेक:
रापणकर भाऊ, साडू तुम्हाला मिळाला, पर्ससीनवाल्यालाही मिळतो. शिवाय त्याच्याकडे देणगी आहे. एन्रॉन आठवा, आमच्याकडे दाभोळचा वीजप्रकल्प आणणारी अमेरिकी कंपनी. भारतात लोकांना प्रकल्प समजावण्यावर आणि त्याच्या तयारीवर दोन कोटी डॉलर खर्च केल्याचं कंपनीने १९९५मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला सांगितलं. त्याच वर्षी राज्य सरकारने करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी नव्या अटींवर तोच प्रकल्प पुन्हा उभा राहिला. दाभोळच्या खाडीवरच्या माणसाला तो आकडा कळला तो तिकडच्या सुनावणीमुळे. इथे कोण कुणाला भेटलं, याची वहीच नव्हती. मला याची अजून चीड येते.

बूथप्रमुख, लांजा:
मी पक्षाचं काम करतो, तेव्हा दुसरी बाजू ऐका. गाड्या, मंडप, पोरांचं जेवण, सगळ्याला पैसा लागतो. तो ओळखीचे लोकच देतात, कारण लग्नाकार्याला, मयताला आम्ही त्यांच्या दारात असतो. बाजारपेठेतल्या दुकानदाराचं नाव पाच हजारांसाठी छापलंत, तर उद्या सत्ता बदलली की त्याच्या परवान्यात खोट काढतील. तो देणंच बंद करेल. मग उरतील फक्त मोठे ठेकेदार.

हर्णैकर:
भीती खरी आहे, मान्य. पाच हजारवाल्याला वगळा. पण सरकारी ठेका, वाळूचा लिलाव किंवा मासेमारीचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याचा एक रुपयासुद्धा उघड हवा. आणि रापणकर भाऊ, तुमची निवेदनंही त्याच नोंदीत तारखेसकट दिसतील. उत्तर का दिलं नाही, हे विचारायला तुमच्या हातात कागद असेल.

रापणकर, मालवण:
कागद आमच्याकडे पोतंभर आहेत, पोचपावतीसकट. भेटीची वेळ अजूनही साडूच मिळवून देतो. नोंद ठेवा, माझी ना नाही. पण आधी सोसायटीला ओळखीशिवाय भेट मिळेल असा नियम करा. तोवर मी माझी माणसं सोडणार नाही.