मीटर 58 हजार दाखवते, विश्वास ठेवू का? जुनी गाडी घेण्याबद्दल सल्ला हवा

तूरवाला_घाटंजी

नमस्कार मंडळी. घरात पहिलीच चारचाकी येणार आहे, म्हणून विचारून घेतो. आईच्या गुडघ्यांसाठी महिन्यातून दोनदा वर्ध्याजवळ सावंगीच्या दवाखान्यात जावं लागतं. एसटीत तिला आता चढवत नाही, आणि दर वेळी भाड्याची गाडी परवडत नाही. तूर विकून हातात थोडे पैसे आले, थोडे सोसायटीतून काढतो. बजेट चार, फार तर सव्वाचार लाख.

यवतमाळला एका कार बाजारात 2017 ची डिझायर डिझेल पाहिली. पांढरी, नंबर एमएच 14 चा, मीटर 58,400. मागतात 4 लाख 40 हजार. गाडी चकाचक आहे, सीट कव्हर नवं, आत अत्तराचा वास. "एका इंजिनिअर साहेबांची होती, शनिवार-रविवारच काढायचे" असं सांगितलं. माझा मेव्हणा म्हणतो मीटर मागे घेतलेलं असेल. मी म्हटलं आता डिजिटल मीटर असतं, ते कसं मागे जाईल? यावर तो नुसता हसला. वीस हजार टोकन मागत आहेत, परवापर्यंतच थांबतो म्हणतात. काय करू?

वणीचा_मिस्त्री

भाऊ, पहिले एक काम करा. टोकन देऊ नका. "परवापर्यंतच" हे तो रोज सांगते.

तुमचा मेव्हणा बरोबर हसला. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये आकड्यांच्या चकत्या फिरवा लागे, मेहनतीचं काम होतं, अन् आकडे वरखाली दिसले की समजे तरी. डिजिटलमध्ये आकडा एका बारक्या चिपमध्ये राह्यते. लॅपटॉप लावला, आकडा लिवला, झालं. लोकायले वाटते काम्पुटर आहे म्हणजे खरं बोलते. उलट आता कुठं ओरखडाबी नाई येत.

आता हिशोब पाहा. 2017 पासून 58 हजार म्हणजे वर्षाले सात हजार, दिवसाचे वीस किलोमीटर. त्या वर्षी डिझेल डिझायर पेट्रोलपेक्षा लाखाच्या आसपास महाग होती. शनवार-रविवारी भाजी आणाले कोणी लाख रुपये जास्त देते का? डिझेल तोच घेते ज्याले रोज फिरा लागते. म्हणून डिझेल अन् मीटर कमी, हे दोन्ही एका गाडीत दिसलं की मले पहिले शंकाच येते. खोटंच असते असं नाई. पण खरं आहे हे विकणाऱ्यानं दाखवावं, आपण कायले मानून घ्यावं?

संत्रा_मोर्शी

एमएच 14 म्हणजे पिंपरी-चिंचवड. ई-चलान पाहा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की चलान दिसतात, तारीख आणि जागेसह. चलान दंडासाठी असतं हे खरं, पण गाडी कुठं फिरत होती हेही ते सांगतं. माझ्या चुलत भावाने पाहिलेल्या गाडीवर एकाच वर्षात एक्सप्रेसवेवर वेगाची सहा चलान होती, सगळी वेगवेगळ्या महिन्यांतली. मालक म्हणत होता गाडी कधी पुण्याबाहेर गेलीच नाही!

आरसी परिवहनच्या ॲपवर तपासा. कितवा मालक, कर्ज आहे का, विमा कधीपर्यंत. आणि आधी टॅक्सी होती का हे आरटीओतून काढा. पिवळ्या पाटीची पांढरी करून घेतलेल्या गाड्या आपल्याकडे भरपूर येतात.

वणीचा_मिस्त्री

टायरचं सांगायचं राह्यलं. टायरच्या बाजूले शेवटी चार आकडे राह्यतात, लंबगोल चौकटीत. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा हप्ता. चारही टायर पाहा, स्टेपनीबी पाहा. मागच्या महिन्यात एक गाडी आली माझ्याकडं. मीटर 51 हजार, टायर चारही 2021 चे, अन् घासून चोपडे. आता जोडी लावा. कंपनीतून आलेले टायर 2021 लेच संपले, त्याच्यानंतरचेबी आता संपले. एक सेट चाळीस-पंचेचाळीस हजार चालते. म्हणजे सरळ ऐंशीच्या वर गेली ना गाडी? मी त्या पोराले इतकंच विचारलं, तो गाडी घेऊन गेला तो परत आलाच नाई.

मंग क्लचच्या पायट्याचं रबर. गुडघ्यावर बसून टॉर्च मारा. उजव्या कोपऱ्यात रेषा पुसल्या की समजा पाय लय पडला त्याच्यावर. अन् रबर कोरं करकरीत असन तर जास्त भ्या. पन्नास हजारात रबर बदलाले कोणी जात नाई. स्टेअरिंगवर दहा-दोनच्या जागी हात फिरवा, तिथं गुळगुळीत लागते. ड्रायव्हरचा सीट बेल्ट पूर्ण ओढून पाहा, कडेला धागे निघाले का. कव्हर नवं आहे म्हणता, तर कव्हर वर करून खालची सीट पाहा. दाराच्या बाजूची गादी दबली का ते पाहा. विकणारा "कव्हर फाटन" म्हणन, म्हणू द्या.

मास्तरीण_दारव्हा

मिस्त्रीभाऊंचं सगळं बरोबर आहे, पण माझी उलटी गोष्टही ऐका. मी एका निवृत्त डॉक्टरांची पेट्रोल गाडी घेतली. नऊ वर्षांची, मीटर 31 हजार, आणि ते खरंच होतं. सगळी बिलं एका फाइलीत, त्यांच्या अक्षरात तारखा. मी खूश. पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याचा पाइप फुटला, मग बॅटरी गेली, मग कळलं की उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या आहेत, कारण गाडी महिनोन्महिने छपरीत उभी होती. टायर दिसायला नवे, पण भेगा पडलेले. पहिल्या वर्षात चाळीस हजार गेले माझे.

म्हणून मी आता कुणी विचारलं तर सांगते, खऱ्या दीड लाखाची नीट ठेवलेली गाडी खोट्या पन्नास हजारांच्या गाडीपेक्षा शंभरदा बरी, आणि खऱ्या तीस हजारांच्या उभ्या गाडीपेक्षाही बरी असू शकते. मीटर कमी हवं, मीटर कमी हवं म्हणून आपणच मागे लागतो, म्हणून तर ते लोक फिरवतात.

तर्री_पोहा

मास्तरीणबाईंच्या शेवटच्या वाक्याला हात जोडले.

बोलेरोप्रेमी

घाटंजीवाले दादा, बोलेरो घ्या ना. वणी-घुग्घूस भागात कोळसा खाणींवर ठेकेदारांकडे चाललेल्या बोलेरो विकायला निघतात, मीटर पावणेदोन-दोन लाख दाखवतात, कोणी लपवतही नाही. भाव पडलेला असतो.

वणीचा_मिस्त्री

अरे बाप्पा, नका सांगू. मी तिथंच राह्यतो. खाणीवरची गाडी दिवसभर उभी राह्यते, इंजिन सुरू, एसी सुरू, साहेब आत बसून. मीटर चाकावर चालते, इंजिनवर नाई. चार तास उभी राह्यली तर मीटर शून्य सरकते अन् इंजिन चार तास झिजते. त्या गाडीचे दोन लाख म्हणजे तीन समजा. अन् चटई उचलून पाहा, खाली काळी भुकटी सापडन. धुतली तरी सीटच्या नटबोल्टात राह्यतेच. आईले दवाखान्यात न्याले बोलेरोची उंच पायरी कायले?

सर्किट_अमरावती

स्कॅनरबद्दल थोडं. स्टेअरिंगच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला एक जोडणी असते, ओबीडी म्हणतात. ब्लूटूथचा स्वस्त रीडर हजार-पंधराशेच्या आत येतो, मोबाइलवर ॲप घ्यायचं. त्यात एक आकडा बघा: बिघाडाचे कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने साठवलेल्या बिघाडाच्या नोंदी) पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर धावली. एका गाडीचं मीटर 41 हजार होतं आणि हा आकडा 52 हजार. म्हणजे कोड पुसल्यानंतरच गाडी 52 हजार धावली, आणि एकूण 41? तिथेच विषय संपला.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा आकडा 65,535 च्या वर जात नाही, तेवढीच जागा आहे त्याला. आणि हुशार विकणारा आधी कोड पुसून ठेवतो, मग तिथे दहा-वीस किलोमीटर दिसतात. त्यामुळे आकडा मोठा निघाला तर पुरावा आहे, लहान निघाला तर काहीच सिद्ध होत नाही. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसलेले दिसले तर मात्र मी विचारीन, का पुसले? काही गाड्यांत एबीएस, एअरबॅगच्या डब्यांतही किलोमीटर साठतात, ते वाचायला कंपनीचा स्कॅनर लागतो.

पण या सगळ्याच्या आधी सर्व्हिसची नोंद काढा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी गेली की जॉब कार्डवर मीटर लिहिलं जातं, आणि ती नोंद कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या वर्कशॉपलाही दिसते. आरसीची झेरॉक्स आणि विकणाऱ्याचा माणूस सोबत न्या, एकट्याला सहसा सांगत नाहीत. माणूस द्यायलाच तयार नसेल तर तेही उत्तरच समजा.

तूरवाला_घाटंजी

सगळ्यांचे आभार. टोकन दिलं नाही. उद्या यवतमाळला जाऊन सर्व्हिसची नोंद काढतो, मग सांगतो.

वकिली_पुसद

कायद्याचं बोलतो, कारण फसल्यावर लोक आमच्याकडे येतात आणि हातात कागदच नसतो.

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याची तरतूद लागू आहे. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म भरून आरटीओला कळवायचं असतं, आणि डीलरने गाडी कुठे, कशासाठी, किती किलोमीटर नेली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची असते. तर पहिला प्रश्न: "अधिकारपत्र दाखवता का?" आपल्याकडे हा प्रश्न विचारला की बरेचजण चहा मागवतात.

दुसरं, सौदा चिठ्ठीवर त्या दिवशीचं मीटर आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या, आणि खाली एक ओळ: "मीटरमध्ये कोणताही फेरफार केलेला नाही." सही आणि शिक्का. मीटरचा फोटो तारखेसह. लिहायला नकार दिला तर उठा. पैसे रोख देऊ नका, खात्यावर टाका.

डीलरने फसवलं तर ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, कधीकधी तिथेच मिटतं. शेजारच्या माणसाकडून थेट घेतलेल्या गाडीला मात्र ग्राहक आयोगाचा आधार नाही, तिथे दिवाणी दावा नाहीतर फसवणुकीची पोलीस तक्रार. म्हणून ओळखीतल्या सौद्यालाही कागद करा, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

संत्रा_मोर्शी

आणि नाव लवकर लावून घ्या. फॉर्म 29, 30, कर्ज असेल तर 35. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) आपल्याला मिळत नाही, त्याचा भाव लावू देऊ नका.

तूरवाला_घाटंजी

आलो मंडळी. काय सांगू.

कार बाजारवाल्याने माणूस द्यायला दोन तास लावले. शेवटी एक पोरगा आला सोबत. वर्कशॉपच्या काउंटरवरच्या ताईंनी नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये पिंपरीत सर्व्हिस, मीटर 1,07,312. त्यानंतर एकही नोंद नाही. पोरगा स्क्रीनकडे पाहून म्हणाला, "टायपिंग मिस्टेक असेल." ताई म्हणाल्या, "त्याच्याआधीची पण मिस्टेक आहे का? 97 हजार आहे." तो गप्प.

तिथून परत जाऊन मी बोनेट उघडलं. दाराच्या खांबावर ऑइलचं स्टिकर खरडून काढलेलं, गोंदाचा डाग दिसत होता. पण एअर फिल्टरच्या डब्याच्या बाजूला कुणा गॅरेजवाल्याने स्केचपेनने लिहिलेलं तसंच राहिलं होतं: "ऑइल 1,48,000, पुढचं 1,58,000". मालकाला दाखवलं. तो म्हणाला, "आम्हाला आली तशीच आम्ही विकतो. पावणेचारला घेता का?"

खरं सांगतो, एक मिनिट मोह झाला. पावणेचार म्हणजे माझ्या बजेटात.

वणीचा_मिस्त्री

नाई घेतली ना?

तूरवाला_घाटंजी

नाही घेतली. मेव्हण्याला मात्र अजून सांगितलं नाही, तो पुन्हा हसेल.

मास्तरीण_दारव्हा

बरं केलंत. दीड लाख चाललेली डिझायर वाईट असते असं नाही, पण ज्याने मीटर फिरवलं त्याने तिचं आणखी काय झाकलं असेल ते आपल्याला कधीच कळणार नाही. पावणेचार कशाचे द्यायचे? आणि महिन्याला दोनदा सावंगी म्हणजे फार तर चारशे-पाचशे किलोमीटर. डिझेल कशाला हवं तुम्हाला? पेट्रोल बघा, तपासायला सोपी, दुरुस्तीला स्वस्त.

तूरवाला_घाटंजी

ताई, तुमचंच ऐकलं. घाटंजीतल्या एका बँकेतल्या साहेबांची बदली झाली, त्यांची 2018 ची वॅगन आर आहे, पेट्रोल. मीटर 72 हजार. त्यांनी स्वतःहून सर्व्हिसची सगळी बिलं आणि फास्टॅगचा हिशोब व्हॉट्सॲपवर पाठवला. मागतात 3 लाख 60. चलान दोन, दोन्ही नागपूरची, सीट बेल्टची. रविवारी बघायला जातो. मिस्त्रीभाऊ, काय नेऊ सोबत?

वणीचा_मिस्त्री

टॉर्च, जुनं धोतर गुडघ्याखाली टाकाले, अन् स्कॅनरवाला पोरगा ओळखीचा असन तर तो. सकाळी सातले जा, उन्हं चढायच्या आधी. बोनेटवर हात ठेवून पाहा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन कसं सुरू होते, किती धूर टाकते, ते पाह्याचं आहे आपल्याले.

तूरवाला_घाटंजी

टॉर्च घेतला. गाडी सुरू करून ठेवू नका असं साहेबांना आत्ताच फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग चहा तरी गरम ठेवू का?"