मदत हवी आहे: अँबॅसिडर मार्क २ (१९७१) च्या इंजिनावरचे हे भाग कशासाठी आहेत?

नमस्कार मंडळी,

गाडी मामांची. अँबॅसिडर मार्क २, पेट्रोल, आरसी बुकात १९७१. मिरजेच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी आहे. मामा गेले, गाडी सांभाळणारे ड्रायव्हरकाकाही गेले, आता विचारायचं कुणाला? मामी भंगारात द्यायला तयार नाहीत आणि मीही नाही. इंजिन जाम नाही, पट्टा धरून ओढला की हलतं.

क्लचच्या डावीकडे जमिनीवरचं बटण म्हणजे पायाचा डिपर, आणि पुढचं गोल भोक इंजिन हाताने फिरवायच्या हँडलचं, एवढं कळलं. हँडल डिकीतच मिळालं. पुढचं मात्र समजत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, इंजिनच्या अंगावरच्या पत्र्याच्या झाकणातून एक वाकडा पाइप निघून खाली रस्त्याकडे जातो आणि तिथेच संपतो. कशालाच जोडलेला नाही. तोंडाशी काळं, चिकट ऑइल साचलंय. गॅरेजवाला म्हणतो, "याचं काही काम नाही, यातूनच ऑइल गळतं, बूच मारून टाकू." मी त्याला थांबवलंय. घाईने विचारतेय ते मुख्यतः यासाठीच.

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला बोटाने फिरेल अशी छोटी दातेरी चकती आहे, शेजारी ए आणि आर ही इंग्रजी अक्षरं आणि बाण. पेट्रोल पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक दांडी आहे, वरखाली केली तर ढिली लागते. ती तुटली आहे का? आणि डायनामोच्या वायरी जातात त्या काळ्या डबीत दोन गुंडाळ्या आणि पॉइंट दिसतात. त्याला हात लावावा का?

प्रतिसाद

ताई, थांबवलंत ते फार चांगलं केलंत. बूच अजिबात मारू देऊ नका.

तो ब्रीदर पाइप. कितीही चांगलं इंजिन असलं तरी पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या भागात, उतरतोच, जुन्या इंजिनात जास्तच. तो बाहेर जायला ही वाट. गाडी पळत असताना खालून जाणारा वारा पाइपाच्या उघड्या तोंडातून तो ओढून घेतो, म्हणून पाइप कशालाच जोडलेला नसतो. थोडं ऑइल तोंडाशी येणारच. वाट बंद केली की आत दाब साचतो आणि मिळेल त्या पॅकिंगमधून ऑइल बाहेर पडतं. तुमच्या इंजिनात धोका आणखी एक. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नाही, ऑइल मागे ओढणारे नुसते आटे कापलेले आहेत. आत दाब वाढला की ते आटे पुरे पडत नाहीत. तिथून सुटलेलं ऑइल क्लच प्लेटवर जातं आणि क्लच घसरायला लागतो. म्हणजे बूच फुकटात आणि इंजिन उतरवायचा खर्च तुमच्या माथी.

उलट पाइप मोकळा आहे का ते आधी बघा. इतकी वर्षं उभ्या गाडीत कुंभारमाशी हमखास मातीचं घर करते. पाइप काढून तार घाला, रॉकेलमध्ये धुवा.

चकती टायमिंग बारीक फिरवण्यासाठी. ए कडे फिरवली की ठिणगी आधी पडते, आर कडे फिरवली की उशिरा. मूळ टायमिंग लावून झाल्यावरच हिला हात लावायचा. चढावर वरच्या गिअरला इंजिन खटखटायला लागलं तर थोडी आर कडे घ्या.

पंपाची दांडी तुटलेली नाही! हा पंप इंजिनच्या कॅमवर, म्हणजे आतल्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यावर चालतो. गाडी उभी राहिली की कार्बोरेटर कोरडा पडतो, तो भरायला ही दांडी हाताने मारायची, म्हणजे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरत नाही. ढिली लागते कारण कॅमने पंपाचा दांडा आधीच दाबून धरलाय. हँडलने इंजिन थोडं फिरवा, दांडीला जोर येईल. पण त्याआधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, मग सावकाश फिरवा. पुढे कधी प्लग लावून हँडल मारायची वेळ आली तर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. इंजिनने उलटा झटका दिला तर हात मोडतो.

डबी म्हणजे कटआऊट आणि रेग्युलेटर. एक गुंडाळी इंजिन बंद असताना बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ देत नाही, दुसरी चार्जिंग आवरते. बॅटरी जोडलेली असताना पॉइंट बोटाने दाबू नका, वायरिंग जळेल. गाडी सुरू झाल्यावर आयडलला डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका, डायनामो कमी फेऱ्यांवर पुरेसं चार्ज करत नाही.

अजून एक. उत्तरपाड्याला बनलेली असली तरी मूळ गाडी मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३, आणि तुमचं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरीजचं. एमजीए, एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचं इंजिनही याच घराण्यातलं. त्यांची मॅन्युअल्स सहज मिळतात, पुष्कळसं जुळतं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पाइपाच्या वरच्या वळणात खरंच मातीचं घर होतं, अख्खा बंद! गॅरेजवाल्याला बोलावून दाखवलं, त्याला पटलं. हँडलने अर्धा फेरा दिल्यावर दांडीला जोर आला, पण आता पंपाच्या कडेने पेट्रोल पाझरतंय.

प्रतिसाद

म्हणजे आतला पडदा कडक होऊन चिरलाय. असा पंप वापरू नका, पेट्रोल चेंबरमध्येही उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा आला तर इंजिन ऑइल पूर्ण बदला. पडद्याचं किट घेताना जुना पंप सोबत न्या, भोकं जुळवून घ्या.