एसीचा आवाज: गाडीतला, घरातला, कुठलाही. तुमचे अनुभव लिहा

विजापूर रोड
मंडळी, एप्रिल लागला, पारा ४२ च्या वर, सोलापूरकरांना अजून काय सांगायचं. मीच सुरुवात करतो. आमच्या भावजींची कॅराव्हॅन आहे, म्हणजे ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली, आत दोन बेड, छोटा ओटा, आणि एसी म्हणजे आपला घरातला दीड टनी स्प्लिटच, फक्त आऊटडोअर युनिट खाली, मागच्या चाकाच्या मागं जाळीचं दार लावून डिकीत बसवलेलं. गेल्या महिन्यात तुळजापूर करून नळदुर्गला मुक्काम केला आणि रात्री एसी लावला तर बेडच्या खालून घर्रर्र आणि मध्येच टकटकटक. सासूबाई उठून बसल्या, म्हणल्या खाली गिरणी कुणी चालू केली.

ज्यांनी गाडी बांधून दिली त्यांनी फोनवरच निकाल लावला, कॉम्प्रेसर गेला, १८ हजार. बघितलं नाही, ऐकलंसुद्धा नाही. भावजींनी त्यावर स्वतःचा उपाय काढला, आऊटडोअरभोवती जुनी सोलापुरी चादर गुंडाळली. आवाज कमी झाला, गारवा पण गेला, आणि वीस मिनिटांत कॉम्प्रेसर आपोआप बंद. चादर इतकी गरम की हातात धरवेना.

शेवटी रविवारी मीच पाने घेऊन गाडीखाली झोपलो. मागच्या चाकानं उडवलेला चिखल आऊटडोअरच्या पंख्याला, आणि तोही एकाच पात्यावर, वाळून दगड झालेला. कॉम्प्रेसरखालच्या रबरी बुशांना नखानं टोकरलं तर भुगा पडायला लागला. आणि ती टकटक म्हणजे कॉपरचा पाईप, चेसिसच्या पट्टीला घासून घासून एका जागी नव्या पैशासारखा चमकत होता. बोटानं पाईप जरा बाजूला धरला की टकटक बंद, सोडला की चालू. पाच-सहा वेळा करून बघितलं, भावजींना पण करायला लावलं. अजून थोडे दिवस गेले असते तर पाईपला भोक पडून सगळा गॅस गेला असता.

पात्यावरचा चिखल काढला, पाईपला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून क्लिप मारली. बुश मात्र त्या मापाचे मिळेनात. तुम्ही लिहा, आवाज नेमका कुठून येत होता आणि खर्च किती आला तेवढं नक्की सांगा.

होटगी रोड
मी एसीचंच काम करतो, १४ वर्षं झाली. चादरीचं वाचून हसलो पण अशी गिऱ्हाइकं रोज भेटतात, कुणी गादी लावतं कुणी थर्माकोल. अहो ते युनिट खोलीतली गरमी बाहेर टाकतंय, त्याचंच तोंड बांधलं तर प्रेशर वाढणार, आवाज वाढणार आणि मग ट्रिप होणार. गाडीखाली तर आधीच डांबराची धग, त्यात टाकलेली गरम हवा परत जाळीतूनच आत ओढली जाते, म्हणून हवा आत यायची वाट आणि बाहेर जायची वाट यांच्यामध्ये पत्रा पाहिजेच.

आवाज ऐकला की निम्मं काम होतं. घुंऽऽ करून टक आणि परत गप्प, म्हणजे कॉम्प्रेसर उठत नाहीये, बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा डबा, उतरलेला असतो नाहीतर जनरेटरचं व्होल्टेज पडतंय. करकर बारीक असेल तर मोटरचं बेअरिंग. नुसता पत्र्याचा खडखडाट असेल तर कुणीतरी मागच्या सर्व्हिसला दोन स्क्रू कमी लावलेत, हे आमच्या धंद्यात चालतं, खोटं कशाला बोलू. आणि एक, लाईट बंद केली तरी कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, हात घालू नका, झटका बसतो. गाडी धुताना प्रेशरचं पाणी कॉईलवर तिरकं मारू नका, जाळी चेपते.

अशोक चौक
आमच्या घराला लागूनच कारखाना, जन्मापासून पॉवरलूमच्या आवाजात झोपलेला माणूस मी, लूम बंद पडले की उलट जाग येते. पण बेडरूमच्या एसीचा थरथराट मात्र सहन होईना. आऊटडोअर भिंतीला लोखंडी अँगलवर होतं, युनिट ठीक होतं, थरथर अँगलमधून भिंतीत आणि भिंतीतून पलंगात. लूमच्या पायाखाली घालतो ती जाड रबराची पट्टी कापून चारी पायांखाली घातली, संपलं. खर्च शून्य. विजापूर रोडवाले, तुमच्या बुशला पण हीच पट्टी चालते का बघा, घेऊन जा येऊन.

जुळे सोलापूर, सध्या ह्यूस्टन
इकडं मोठ्या मोटरहोममध्ये एसी मुळातच पोटात असतो, बेसमेंट एसी म्हणतात, आतलं-बाहेरचं सगळं एकाच जड पेटीत, आमच्यात दोन कॉम्प्रेसर, गरमी वाढली की दुसरा सुरू होतो, आणि गार हवा डक्टमधून वर. टपावर काही नाही म्हणून आवाज कमी, असं विकणारा म्हणाला होता. आमचा किंचाळायचा. मी बेअरिंग धरून बसलो, मित्र आणि मी मिळून पेटी जॅकवर घेऊन बाहेर काढली, अख्खा शनिवार गेला. निघालं काय, तर कंडेन्सरच्या, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या कॉईलच्या, ब्लोअरची जाळीदार चाकी शाफ्टवरून सरकून पत्र्याला घासत होती, तिला शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू ढिला. एलन कीचं दोन मिनिटांचं काम. आधी टॉर्च मारून बघितलं असतं तर पेटी काढावीच लागली नसती हे बायकोनं अजून सोडलेलं नाही. आत उंदराचं घरटं निघालं ते वेगळंच.

सात रस्ता
माझा विंडो एसी, मागून छपछप आवाज. मेकॅनिक आला, खाली ट्रेला भोक पाडलं, ३०० रुपये घेतले. आवाज गेला पण मे महिन्यात गारवा कमी वाटायला लागला. नंतर दुसऱ्यानं सांगितलं की ताई ते पाणी मुद्दाम साठवलेलं असतं, पंख्याची कड ते कॉईलवर उडवते आणि कॉईल गार राहते. एम-सीलनं भोक बुजवलं. आता छपछप आहे, राहू दे.

अक्कलकोट रोड
आमच्याकडं कूलर ओ. करकर आली की मोटरच्या बुशिंगला दोन थेंब तेल.

विजापूर रोड
अशोक चौकवाले, पट्टी लई झकास बसली, शेंगाचटणीचा डबा घेऊन येतो. होटगी रोडवाल्यांनी सांगितलं म्हणून कपॅसिटर पण मोजून घेतला, लेबलवर ५० मायक्रोफॅरड आणि मीटरवर ३८, बदलला. काल गाडी रात्रभर दारात लावून एसी चालवला, कॉम्प्रेसर तोच आहे, १८ हजार वाचले. आता फक्त एक बारीक शीळ राहिलीय, पंढरपूर रोडला गाडी साठच्या वर गेली की येते, आणि तेव्हा एसी बंद असतो. भावजी म्हणतात जाळीच्या दाराची आहे, मला खिडकीच्या रबराची वाटते. कुणाला आलीय का अशी?