विषय : ऑक्टोबरची सहल – ब्लॅकपूल का लेक डिस्ट्रिक्ट?

नमस्कार मंडळी,
समितीने ब्लॅकपूल, म्हणजे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं ते सुट्टीचं गाव, जवळजवळ पक्कं केलंय असं कळलं. माझं मत : नको. मागे पोरांना घेऊन गेलो होतो. जिकडेतिकडे स्लॉट मशीन, तळणाचा वास, आतल्या गल्ल्यांत हॉटेलं बंद पडलेली. डोंगर-तळ्यांचं लेक डिस्ट्रिक्ट तेवढंच लांब आहे. माझे आईबाबा लालबागहून आलेत, त्यांना ब्लॅकपूलला दाखवायचं काय?
मंदार

---

मंदार,
तळणाचा वास खराच आहे. पण तुझ्या बाबांची हयात गिरणीत गेली ना? मग त्यांना तर तिथे न्यायलाच हवं.

ब्रायटन हे दक्षिणेचं समुद्रकाठचं गाव, त्याला राजपुत्राने नावारूपाला आणलं. ब्लॅकपूल वाढलं ते ओल्डहॅम, बोल्टन, बर्नली या लँकेशायरच्या गिरणगावांतल्या साचेवाल्यांच्या पैशांवर. १८०१ साली तिथे ५०० माणसंही नव्हती. १८४६ ला आगगाडी आली आणि १९०१ पर्यंत वस्ती ४७ हजारांवर गेली. याचं कारण ‘वेक्स वीक’. मुळात ही गावच्या चर्चच्या उत्सवाची सुट्टी. पुढे त्या आठवड्यात गिरण्याच बंद ठेवू लागले, बॉयलरही तेव्हाच साफ करून घ्यायचे. भोंगा बंद, दुकानं बंद, अख्खं गाव गाडीत. त्यात प्रत्येक गावाची तारीख वेगळी, ओल्डहॅमची ऑगस्टअखेर. म्हणजे एक गाव परतलं की दुसरं हजर, उन्हाळाभर खोल्या भरलेल्या.

या सुट्टीचा पगार मात्र मिळत नसे. पगारी रजेचा कायदा झाला १९३८ साली. तोवर कामगार वर्षभर दर आठवड्याला बचतीच्या क्लबात थोडे पैसे टाकत आणि सुट्टीच्या तोंडावर उचलत. आपल्या भिशीची आठवण यावी असाच प्रकार.

नॉर्थ पिअर हा समुद्रात शिरलेला धक्का बघताना साल लक्षात ठेव : १८६३. अमेरिकेत यादवी चालू, कापूस येईना, लँकेशायरच्या गिरण्या ठप्प, घरोघरी उपासमार. त्याच काळात आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस इकडे येत होता आणि मुंबईत शेअरबाजाराला ऊत आला होता, तो १८६५ ला फुटला. इथे मात्र पांढरपेशांना फिरायला हा धक्का उघडला, दोन पेन्स तिकीट लावून. साध्या माणसांनी तिथे फिरकू नये हाही हेतू होताच. मग पाच वर्षांनी दुसरा धक्का झाला, आजचा सेंट्रल पिअर. तिथे उघड्यावर नाच सुरू झाला आणि गर्दी तिकडे लोटली.
शिरीषकाका

---

काका, तुम्ही खोल्यांचं अर्धवटच सोडलंत!

कामगार उतरायचे लॉजिंगमध्ये, आणि ती चालवायच्या बहुतेक बायकाच. त्यांतल्या कित्येक स्वतः गिरणीत राबून, पै पै साठवून तिथे आलेल्या. पद्धत अशी, की खाण्याचं सामान पाहुण्यांनी बाजारातून आणायचं आणि बाईने ते रांधून द्यायचं. भाडं खोलीचं. वर मीठ-मिरीच्या बाटल्या वापरल्याचे वेगळे पैसे लावतात, असे विनोद त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालले. एकेका बिछान्यात तीन-चार जण कोंबायच्या, हेही खरं.

मला हे वाचताना गिरणगावातल्या खानावळवाल्या दिसतात. एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे घालून त्यांनी आपली घरं चालवली. प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. ब्लॅकपूलची बाई निदान घराची मालकीण म्हणून मिरवायची, आपलीला चाळीतल्या दहा बाय दहातच भागवावं लागलं.
वैशाली

---

काका, वैशालीताई, बाबांना दोन्ही मेल वाचून दाखवली. त्यांचा प्रश्न : मग हे सगळं बसलं कधी? आणि ब्लॅकपूलला दरवर्षी समुद्राकाठी दिव्यांची रोषणाई करतात, तिचं काय?
मंदार

---

मंदार, बाबांना सांग, तिथे १९८२ सारखा एकच संप नव्हता. गिरण्या एकेक करत मिटत गेल्या आणि साठ-सत्तरच्या दशकांत स्पेनची स्वस्त पॅकेज टूर निघाली. खात्रीचं ऊन मिळतंय म्हटल्यावर आयरिश समुद्राच्या वाऱ्यात कोण कुडकुडत बसेल? ज्या गिऱ्हाइकाच्या जोरावर गाव उभं राहिलं तेच दुसरीकडे गेलं. तुला दिसलेली बंद हॉटेलं त्यातली.

दिवे हा व्यापारी डोक्याचा नमुना. १८७९ मध्ये समुद्राकाठी विजेचे आठ आर्क दिवे लावले, तेच बघायला झुंबड उडाली. त्याच वर्षी जाहिरातीसाठी घरपट्टीवर जादा कर बसवायची परवानगी गावाने पार्लमेंटकडून मिळवली! १८८५ ला विजेची ट्रॅम आली. १९१२ मध्ये राजकन्या लुईझ येणार म्हणून १०,००० दिव्यांची रोषणाई केली. सीझन संपल्यावरही खोल्या भरतात हे कळलं, मग महायुद्धांमुळे पडलेले खंड (पहिला १९२५ पर्यंत, दुसरा १९४९ पर्यंत) सोडले तर दिवे लावणं थांबलं नाही.

टॉवर १८९४ चा, ५१८ फूट, आयफेलवरून सुचलेला. वर जायचं तिकीट ज्यांना हवं त्यांनीच काढा. खालचा बॉलरूम मात्र चुकवू नका. दिवसभर कापसाच्या धुळीत उभ्या राहणाऱ्यांसाठी एवढा सोन्याचा मुलामा आणि रंगवलेलं छत!

आता सहलीचं. शनिवार आणि शाळांची हाफ-टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, टाळा, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. दिवे दक्षिणेला स्टार गेटपासून बिस्पमपर्यंत सहा मैल आहेत. गाड्या लावून आपण ट्रॅमने जाऊ, बाबांना खिडकीची जागा. लॉजिंगवाल्या बाईंशी वैशालीने बोलावं, खिचडीला शेगडी देतील का ते विचार.
शिरीषकाका