१९५७ चं ऑस्कर आणि आपण : अनुभव धागा

धागाकर्ती

गणपतीत आमच्या सोसायटीत प्रश्नमंजुषा होती. शेवटची फेरी सिनेमाची. प्रश्न आला, "१९५७ सालच्या चित्रपटांत रूपांतरित पटकथेचं ऑस्कर कोणाला मिळालं?" मी बझर दाबून म्हणाले, "मायकल विल्सन आणि कार्ल फोरमन." प्रश्न विचारणाऱ्या काकांनी हातातला कागद चष्म्याजवळ नेला आणि मान हलवली. उत्तर पिअर बूल. आमचा संघ एका गुणाने हरला, बाकरवडीचा पुडा बी विंगला गेला.

गंमत म्हणजे काकाही चूक नव्हते आणि मीही नव्हते. २६ मार्च १९५८ च्या रात्री हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेसाठी बूलचंच नाव पुकारलं गेलं. मूळ फ्रेंच कादंबरी त्याची. इंग्रजी पटकथा मात्र विल्सन आणि फोरमन यांची, आणि दोघंही तेव्हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत. पडद्यावर त्यांचं नाव घालायची सोयच नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर अकादमीने ते पारितोषिक त्यांच्या नावे केलं. तोवर दोघंही वारले होते.

घरी येऊन चिडचिडीत मी त्या वर्षाची सगळी यादी वाचून काढली. 'क्वाय'ला ८ नामांकनं, त्यातली ७ जिंकली. 'सायोनारा'ला १० पैकी ४. 'पेटन प्लेस'ला ९ नामांकनं आणि हाती भोपळा. परभाषी चित्रपटांच्या पाचांत आपला 'मदर इंडिया'. वाचताना जाणवलं की ही काही परक्या गावची गोष्ट नाही, यातलं बरंच आपल्या घरातल्या कुणी ना कुणी पाहिलेलं आहे. तर लिहा. यादी नको, ती मला आता पाठ झालीय. कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात, काय झालं ते सांगा.

जुना गिरगावकर

मी तेव्हा बारा वर्षांचा. 'क्वाय' वडिलांनी दाखवला, फोर्टातल्या थिएटरात. इंग्रजी संवाद निम्मे डोक्यावरून गेले. पण जपान्यांच्या ताब्यातले ब्रिटिश युद्धकैदी शीळ घालत छावणीत येतात तिथे कळायला काय हवंय? बुटांचे तळ सुटलेत, चिंध्या झाल्यात, आणि पावलं एका तालात. दुसऱ्या दिवसापासून आमची अख्खी गल्ली ती शीळ घालत शाळेत जायला लागली. मला शीळ घालता यायची नाही, नुसती हवा निघायची. आमचे ड्रिलचे सर कडक. आता मार बसणार म्हणून आम्ही थबकलो, तर सर म्हणाले, "ताल चुकतोय, परत घ्या." पुढचा महिनाभर कवायत त्याच चालीवर झाली.

कितीतरी वर्षं मी छातीठोकपणे सांगायचो की त्या शिळेला ऑस्कर मिळालं. नातवाने चूक दाखवली. चाल 'कर्नल बोगी'ची, १९१४ सालची, म्हणजे माझ्या आजोबांच्या तरुणपणातली. माल्कम अर्नोल्डला संगीताचं पारितोषिक मिळालं ते चित्रपटाच्या संगीताबद्दल. त्या जुन्या चालीला जोडून त्याने स्वतःचं संचलनगीत बेमालूम बसवलं होतं.

भटकी

रुमाल टाकून ठेवते. पोळ्या झाल्या की लिहिते.

माणदेशी

आमच्याकडे ऑस्कर वगैरे कुणाला ठाऊक? 'मदर इंडिया' मात्र गावात सगळ्यांना ठाऊक. मी तो पाहिला पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, तंबू टॉकीजमध्ये, सत्तरच्या दशकात. चित्रपट येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, तरी तंबू फुल्ल. मधोमध दोर बांधलेला, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बापे. पौष जवळ आलेला, थंडी मरणाची, त्यामुळे घोंगड्या घेऊनच बसायचं. रीळ बदलताना अंधार झाला की पोरं शिट्ट्या मारायची आणि ऑपरेटर आतून शिव्या घालायचा.

मी लहान म्हणून आजीच्या मांडीवर, बायांच्या बाजूला. आजी निरक्षर, हिंदी तिला अर्धवट कळायचं. पण सावकार सुखीलाला वही काढतो आणि राधाच्या सासूचा अंगठा मधे येतो, तिथे तिने माझं मनगट इतकं जोरात आवळलं की मी ओरडलो. आमचीही दोन एकरांची पट्टी अशाच एका अंगठ्यात गेली होती, हे मला फार नंतर कळलं. तिने पडद्यावरच्या कन्हैयालालला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. शेजारच्या बाया हसल्या नाहीत. त्याही देत होत्या.

शेवटी नर्गिस स्वतःच्या पोराला गोळी घालते. तंबूत चिडीचूप. यात्रेतनं बैलगाडीने परत येताना आजी कुणालाच उद्देशून नाही असं बोलली, "पोटच्या पोराला गोळी घालती व्हय कोण? आन् घातली नसती तर गावात तोंड कसं दावली असती?" दोन्ही प्रश्न तिने तसेच ठेवले. पुढे वर्षभर भांगलताना त्याच्यावर बायांचे वाद चालायचे. आजीचा पक्ष दर खेपेला बदललेला असायचा.

फिल्म सोसायटीवाला

वरच्या प्रतिसादापुढे माझा झब्बू फिका आहे, तरी देतो.

'मदर इंडिया'चं ऑस्कर एका मताने हुकलं, हे आपल्याकडे बाळगुटीबरोबर पाजतात. अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, तेव्हा ती कथा मी कथेसारखीच ऐकतो. पण कॉलेजात असताना माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता. त्यामुळे पुण्यात एका फिल्म क्लबात इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा 'नाइट्स ऑफ कॅबिरिया' लागला तेव्हा मी गेलो तो शत्रूपक्षाचा संघ बघायला जावा तसा. हिनेच आपलं बक्षीस पळवलं ना, बघू तरी काय आहे. शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसलो.

पहिल्याच दृश्यात कॅबिरियाचा प्रियकर तिची पर्स हिसकावतो आणि तिला नदीत ढकलून पळतो. लोक तिला उलटी टांगून पाणी काढतात, आणि शुद्धीवर आल्यावर ही बाई आभार मानायचं सोडून सगळ्यांवर खेकसते. तिथेच माझ्या हाताची घडी सुटली. शेवटी सगळं लुटलं गेलेलं असताना ती रस्त्याने चालते, भोवती पोरं गाणी वाजवत नाचतात, गालावर काजळाचा एक ओघळ, आणि ज्युलिएत्ता मसीना हळूच हसत क्षणभर थेट आपल्याकडे बघते. दिवे लागले तेव्हा मी बुटाची नाडी बांधत बसलो होतो. बुटाला नाडी नव्हती.

नर्गिसबद्दलचं माझं मत बदललं नाही. पण त्या वर्षी मतदार असतो तर घाम फुटला असता.

शिवणकाम हाच व्यवसाय

मी एवढंच सांगते. त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री जोन वुडवर्ड. 'द थ्री फेसेस ऑफ इव्ह'मध्ये एकाच बाईची तीन व्यक्तिमत्त्वं तिने केली. समारंभाला ती स्वतः शिवलेला हिरवा ड्रेस घालून गेली, आणि अभिनेत्री जोन क्रॉफर्डने त्यावर जाहीर नाक मुरडलं. मी माझ्या साखरपुड्याचं ब्लाउज स्वतः शिवलं होतं, तेव्हा सासरच्या एका बाईंनी "शिंपी मिळाला नाही का गं?" असं विचारलं होतं. त्या बाईंची आता माझ्याकडे बारा ब्लाउजं शिवायला पडली आहेत. पडू देत.

हौशी रंगकर्मी, नाशिक

'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. ३ नामांकनं: चित्रपट, दिग्दर्शक, रूपांतरित पटकथा. तिन्ही ठिकाणी समोर 'क्वाय', तिन्ही गेली. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटचा हा पहिलाच चित्रपट. खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेल्या बारा सामान्य नागरिकांची, म्हणजे ज्युरीची, गोष्ट; जवळजवळ सगळी एका खोलीत घडते. हेन्री फोंडाला नामांकन होतं, पण निर्माता म्हणून! अभिनयात या बारांपैकी एकालाही नाही. हे मला आजवर पचलेलं नाही.

कॉलेजात आम्ही त्यावरून मराठी एकांकिका बसवली. त्याचंच हिंदी रूप 'एक रुका हुआ फैसला' दूरदर्शनवर पाहिलं होतं, धीर तिथून आला. बारा पोरं, एक टेबल, खर्च शून्य. तालमीत पहिली अडचण आली ती 'ज्युरी म्हणजे काय?' या प्रश्नाची. बारातल्या नऊ जणांना माहीत नव्हतं. मग आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वकिलांना बोलावलं. त्यांनी नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला सांगितला. १९५९ साल, मुंबई, नऊ जणांची ज्युरी, आठ विरुद्ध एक अशा मतांनी 'निर्दोष', आणि तो कौल न पटल्याने न्यायाधीशांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. आपल्याकडून ज्युरी गेली त्यात या खटल्याचा वाटा मोठा. मग वकीलसाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "तुमच्या सिनेमात एकटा माणूस अकरांना फिरवतो. इथे आठ जण एकाला फिरवू शकले नाहीत. तो कोण होता, हे मला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं."

ल्युमेटची एक युक्ती आम्ही उचलली. चित्रपट पुढे सरकतो तसा तो कॅमेरा खाली आणत नेतो आणि लेन्स बदलत जातो, त्यामुळे शेवटी भिंती अंगावर येतात, छत डोक्यावर येतं. आमच्याकडे कुठला कॅमेरा? आम्ही दर दहा मिनिटांनी, कुणाच्या लक्षात येणार नाही असं, टेबल वीतभर पुढे ढकलायचो. शेवटच्या भांडणाला टेबल रंगमंचाच्या काठावर, आणि पहिल्या रांगेतले लोक मागे रेललेले. स्पर्धेत परीक्षकांनी शेरा मारला, 'नाटकात काही घडत नाही.' उत्तेजनार्थसुद्धा नाही. 'क्वाय'पुढे हरण्यात निदान इभ्रत तरी होती.

भटकी

आले. पोळ्या करपल्या, सोडा.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं बँकॉकला होतो. कांचनबुरीला पूल बघायला गेलो आणि मी हिरमुसले. सिनेमात लाकडी पूल, इथे लोखंडी, आणि तोही धडधाकट, वरून गाडी जाते. आणखी मजा ऐका. नदीच्या त्या भागाचं नाव तेव्हा क्वाय नव्हतंच! चित्रपट पाहून परदेशी लोक 'क्वायवरचा पूल' शोधत यायला लागले, म्हणून साठच्या सुमारास नदीचं नाव बदलून टाकलं. बारसं सिनेमाने केलं.

खरी चुटपुट दुसरीच लागली. गावातच युद्धकैद्यांची दफनभूमी आहे, सुमारे ७ हजार कबरी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. गवत कापलेलं, प्रत्येक दगडापाशी रोप. माझ्याबरोबर मलेशियातली एक तमिळ मैत्रीण होती. हा पूल ज्या रेल्वेवर आहे, ती जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धात कैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतली. तिच्या आजीचा भाऊ रबराच्या मळ्यातून त्या कामावर नेला गेला आणि परतला नाही. या रुळांपायी १२ हजारांवर युद्धकैदी मेले, आणि आशियाई मजूर मेले ते अंदाजे ९० हजार. त्यांना ना दगड, ना रोप. सिनेमातही ते जवळपास नाहीतच. ती रांगांमधून चालत नावं वाचत राहिली. मी म्हटलं, "इथे नसेल गं." तर म्हणाली, "माहितीये. पण कुठे शोधायचं ते तरी सांग."

सिनेमातला लाकडी पूल श्रीलंकेत, कितुलगलाला, केलनी नदीवर बांधला होता आणि तिथेच उडवला. पुढे तोही पाहिला, म्हणजे पायाचे अवशेष पाहिले. वाट दाखवणारा पोरगा शीळ घालत होता. कुठली ते सांगायला नकोच.

जपानी शिकणारी

माझा अनुभव 'सायोनारा'चा. पुण्यात जपानीच्या वर्गात बाईंनी दाखवला. मार्लन ब्रँडो नायक, पण लक्षात राहते मियोशी उमेकी. अमेरिकन सैनिकाशी लग्न केलेली जपानी मुलगी. फौजेचे नियम त्यांना एकत्र राहू देत नाहीत, आणि दोघं एकत्र जीव देतात. तिला आणि तिच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या रेड बटन्सला, दोघांनाही सहाय्यक भूमिकेचं ऑस्कर. (म्हणजे 'क्वाय'चं हुकलेलं ते एकमेव नामांकन, सेस्यू हायाकावाचं, ते याच रेड बटन्सने अडवलं.) अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री. त्याच विभागात दुसरी आशियाई अभिनेत्री जिंकायला २०२१ उजाडलं. आणि याच 'सायोनारा'त काबुकी नटाची भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बानने केलीय, जपानी मेकअप थापून. वर्गात हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

बाईंनीच पुढचं सांगितलं. उमेकीने पुढे काम सोडलं. ती गेल्यावर तिच्या मुलाने सांगितलं की आईने ऑस्करच्या बाहुलीवरचं स्वतःचं नाव खरवडून काढलं आणि बाहुली फेकून दिली. का, ते तिने सांगितलं नाही. मला तेव्हा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया आठवल्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यांनी उतारवयात, २०१२ मध्ये, आपली बाहुली अकादमीकडेच परत सोपवली, नीट सांभाळली जावी म्हणून. वर्गात मी हे बोलले. बाई म्हणाल्या, "दोघींनाही ती घरात नको होती, एवढंच आपल्याला कळतं." मग त्यांनी फळ्यावर 'सायोनारा' लिहून विचारलं, हा शब्द रोजच्या बोलण्यात लोक किती कमी वापरतात, माहितीये का?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. हा धागा मी छापून प्रश्नमंजुषावाल्या काकांना नेऊन दिला. त्यांनी व्हरांड्यात बसून सगळा वाचला, माणदेशींच्या आजीपाशी चष्मा काढून पुसला, आणि शेवटी म्हणाले, "अर्धा गुण देतो." अर्ध्या गुणाने आम्ही तरीही हरतोच, हे मी दाखवून दिलं. त्यावर ते म्हणाले, बाकरवडी संपली आहे, तेव्हा निकाल बदलायला आता हरकत नाही.